व्हेंटिलेटर नंतर, आधी ब्लेंडर: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

नवजात बाळांसाठी काही करायचं ठरलं की व्हेंटिलेटरचे खोके उतरतात आणि फोटो निघतो. आमचं मागणं उलटं आहे. बाळाच्या श्वासनळीत जाड नळी घालायची वेळच कमी यावी, यासाठी लागणारं, फोटोत न दिसणारं सामान द्या; उदाहरणार्थ ब्लेंडर, म्हणजे हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारं यंत्र.

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, बरगड्यांखाली खळगा पडतो. फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा सरफॅक्टंटचा थर अजून पुरता तयार झालेला नसतो. कण्हणं म्हणजे बाळाने स्वतःच लावलेला सीपॅप, म्हणजे फुफ्फुसांत सतत राखलेला हवेचा दाब: घसा अर्धवट मिटून ते हवा आत अडवून धरतं. आपण नाकातून तोच दाब दिला, की त्याचे कष्ट वाचतात. सुरुवातीला ५ ते ६ सेंटिमीटर पाण्याचा दाब, आणि रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत. तेवढ्यावर बरीच बाळं सावरतात.

६ सेंटिमीटरवर असूनही श्वासाच्या हवेत ३० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन लागत असेल, तर सरफॅक्टंट द्यायचं, आणि तेही पहिल्या काही तासांत. जुनी रीत अशी की जाड नळी घालून औषध सोडायचं आणि नळी काढायची. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा निघत नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या डॉक्टरांनी रुळवलेल्या रीतीत सीपॅप नाकावरच राहतो आणि बाळ स्वतः श्वास घेत राहतं. श्वास चालू राहावा म्हणून कॅफीन आधीच दिलेलं असतं, किलोला २० मिलिग्रॅम. लॅरिंगोस्कोपचं शून्य किंवा दुहेरी शून्य नंबरचं पातं वापरून स्वरतंतू दिसले, की ५ नंबरची बारीक फीडिंग ट्यूब त्यांच्या पलीकडे दीड ते दोन सेंटिमीटर सरकवायची. पोरॅक्टंट या सरफॅक्टंटचा डोस किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिलिटर. सव्वा किलोच्या आतबाहेरच्या बाळाला ३ मिलिलिटरची एक कुपी पुरते. दोन-तीन मिनिटांत थोडं थोडं सोडायचं, शेवटी सिरिंजमधल्या हवेने नळीत उरलेलं ढकलायचं.

बिघडतं कुठे? घाई केली तर औषध घशात उलटून येतं, ठोके मंदावतात, बाळ श्वास विसरतं. तेव्हा थांबायचं, लागलं तर मास्कने दोन-चार श्वास द्यायचे. नळी अन्ननलिकेत गेली असेल तर कळतही नाही, म्हणून शेवटी पोटातली नळी ओढून बघायची. पांढरं दुधाळ आलं तर औषध पोटात गेलं.

ही जादू नाही, हेही सांगायला हवं. २५ ते २८ आठवड्यांच्या बाळांवरच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नुसत्या सीपॅपच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. फुफ्फुस फुटून छातीत हवा साचण्याचं प्रमाण मात्र निम्म्याखाली आलं. जिथे व्हेंटिलेटर चालवणारे हात रात्री दोनला मिळत नाहीत, तिथे हा फरक फार मोठा आहे.

पण सीपॅपच धड नसेल तर ही सगळी कसरत वाया जाते, आणि आमची खरी तक्रार तिथे आहे. यंत्र असतं, पण प्राँग, म्हणजे नाकपुड्यांत बसणाऱ्या आखूड नळ्या, एकाच मापाचे. लहान प्राँगमधून हवा गळते, दाब राखणाऱ्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबतात, म्हणून सिस्टर ते आणखी दाबून बसवते. नाकाचा पडदा आधी पांढरा पडतो, मग काळा. प्राँग आणि पडदा यांत २ मिलिमीटर फट हवी, आणि ती योग्य मापाशिवाय राहत नाही.

मे महिना बघा. बाहेर ४५ अंश, म्हणून कक्षातला एसी १८ वर. कक्ष २६ ते २८ अंशांवर हवा. त्या थंडीत गरम, ओलसर हवेचं नळीत पाणी होतं, खोलगट भागात साचतं आणि दाब हेलकावतो. ते पाणी बुडबुड्यांच्या बाटलीत गेलं की पातळी चढते; ५ चा दाब गुपचूप ७ होतो. दर दोन तासांनी नळी झटकणं आणि पातळी बघणं, एवढंच काम आहे. पण ते करायला माणूस हवा.

सगळ्यात धोकादायक बाब ब्लेंडरला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची. तो जनरेटरच्या लाइनवर नसेल, तर वीज गेल्यावर हवेचा दाब पडतो आणि ब्लेंडर बाळाला शुद्ध ऑक्सिजन देऊ लागतो. अलार्म वाजतो, कुणीतरी तो बंद करतं. ब्लेंडरच नसलेल्या ठिकाणी तर १०० टक्के ऑक्सिजन रोजचाच. त्यातून डोळ्यांचा पडदा बिघडतो. म्हणून ३४ आठवड्यांआधी किंवा २ किलोखाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाची डोळ्यांची तपासणी ३० दिवसांच्या आत ठरलेली असावी, तीही नेत्रतज्ज्ञ कक्षात येऊन. आईला दुसऱ्या शहराची चिठ्ठी देऊन ती होत नाही.

सीपॅपने पोट फुगतं. तोंडातून टाकलेली नळी उघडी ठेवून हवा काढायची असते. पण हे बाळाच्या आजीला कुणी सांगत नाही. मेळघाटात फुगलेल्या पोटाला विळ्याचे चटके देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. फुगलेलं पोट बघून "घरी नेतो" म्हणणाऱ्या आजीला कोरकूत समजावणारं माणूस कक्षात हवं.

सरफॅक्टंट ग्रामीण रुग्णालयात ठेवू नका. तिथे सीपॅप, आणि वेळेआधी बाळंत होऊ घातलेल्या आईला बाळाची फुफ्फुसं तयार करणारं डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी चार वेळा. पहिलं इंजेक्शन १०८ येण्याआधीच. सरफॅक्टंट जिल्ह्याच्या कक्षात ठेवा, २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये. न उघडलेली कुपी बाहेर काढली तर २४ तासांत एकदाच परत ठेवता येते, हे फ्रिजच्या दारावर मराठीत चिकटवा. आणि वाटेचा हिशेब करा: सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, बी टाइप सिलिंडरमधला १,५०० लिटर ऑक्सिजन मिनिटाला ६ लिटरने जेमतेम चार तास पुरतो. गाडीत दुसरा सिलिंडर हवाच.

शेवटी सिस्टरांबद्दल. प्राँग बसवायला हात तयार व्हायला काही महिने लागतात. हात बसला की तिची ड्युटी नेत्र विभागात किंवा लसीकरणाला लागते. येत्या बदल्यांच्या यादीत नवजात कक्षातल्या प्रशिक्षित परिचारिकांना किमान तीन वर्षं हात लावू नये, असा आदेश काढावा. त्याला निविदा लागत नाही.

आपले,
विदर्भातील नवजात शिशू कक्षांतले डॉक्टर आणि परिचारिका