एकोणशंभर नमस्कार

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री

विषय : आमच्या वर्गाची आपल्याला पोहोचलेली पत्रं खरी नसल्याबाबत.

महोदय,

मागच्या महिन्यात आपल्याकडे दुसरीच्या एका वर्गाची ३४ पत्रं आली असतील. डावीकडे समास, उजवीकडे तारीख, शेवटी 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. एकाही पत्रात काना-मात्रा चुकलेला नाही. त्यातलं अक्षर मुलांचं आहे, मजकूर माझा. मी फळ्यावर लिहिलं आणि त्यांनी उतरवून घेतलं. सात वर्षांचं पोर 'आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली' असं आपणहून लिहीत नाही, हे आपल्या ध्यानात आलंच असेल.

खरी पत्रं आदल्या दिवशीच लिहून झाली होती. आधी 'मंत्र्यांना पत्र लिहून घ्या' एवढाच निरोप आला होता, म्हणून मी कोरे कागद वाटले आणि म्हटलं, मनात येईल ते लिहा. दुसऱ्या दिवशी नमुना आला. मुलांचे कागद वरवर चाळून "हे असं वर कसं पाठवायचं?" असं विचारलं गेलं, तेव्हा मी भांडले नाही. फळा पुसला आणि नमुना लिहायला घेतला. माझीही चूक आहेच. खरी ३४ पत्रं तेव्हापासून माझ्या कपाटात आहेत, आणि कपाट उघडलं की मनाला टोचतं. म्हणून हे पस्तिसावं.

सुरुवातीलाच घोळ झाला, तो आपल्यावरूनच. मी सांगितलं होतं, मंत्र्यांना 'तुम्ही' म्हणायचं, 'मंत्री आहेत' असं लिहायचं. मागून प्रश्न आला, "बाई, किती आहेत?"

"एकच आहेत."

"मग 'आहेत' का?"

मी आदरार्थी बहुवचन समजावलं. माणूस एकच, पण मान द्यायचा म्हणून अनेकवचन. सगळ्यांनी माना डोलावल्या, मलाही बरं वाटलं. थोड्या वेळाने एका कागदावर डोकावले तर पाच माणसं एका रांगेत उभी, पाचही जणांना एकसारखे कपडे, एकसारख्या मिशा. खाली लिहिलं होतं 'मंत्री'. मी काही बोलले नाही. व्याकरणाच्या हिशोबाने चित्र बरोबर होतं.

आता प्रश्न. 'तुम्ही मोठे झाल्यावर कोण होणार?' हा तिघांनी विचारलाय, आणि तिघं वेगवेगळ्या बाकांवर बसतात, म्हणजे कॉपी नाही. 'तुम्हाला शू लागली तर कोणाला विचारता?' हा विचारणारा माझ्या तासाला निदान चारदा करंगळी वर करतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने हा धोरणात्मक प्रश्न आहे. 'तुमची सही रेघेवर येते का?' या प्रश्नामागे दोन महिन्यांची मेहनत आहे. तिची अक्षरं अजूनही रेघेच्या वर तरंगतात आणि तिला कोणीतरी सोबती हवाय.

एकाने फक्त एवढंच लिहिलंय : 'मला काही सांगायचं नाही. बाईंनी कागद दिला म्हणून लिहितो.' मी आजवर भरलेल्या कितीतरी अहवालांपेक्षा हे पत्र प्रामाणिक आहे.

या पत्राची अक्षरं मात्र एवढी दांडगी आहेत की कागद पुरला नाही. त्यावरून वाद झाला. शेजारणीने बारीक अक्षरात अकरा ओळी लिहिल्या होत्या, आणि हा म्हणत होता, माझं पत्र मोठं. वर्गाने कौल त्याच्या बाजूने दिला. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने पेल्यातल्या पाण्याने हेच दाखवलं होतं. बुटक्या पेल्यातलं पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं की लहान मूल म्हणतं, पाणी वाढलं. साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास ही समजूत सुटायला लागते. माझा वर्ग नेमका त्या उंबरठ्यावर. मी पेले आणले, पाणी ओतलं. निम्मा वर्ग म्हणाला 'जास्त झालं', निम्मा म्हणाला 'तेवढंच आहे'. परत बुटक्यात ओतलं, तर 'आता कमी झालं'. एकाने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सांडलं नाही ना? मग तेवढंच." मी खूश. पुढच्याच तासाला याच पठ्ठ्याने खडूचा तुकडा मोडून दोन केले आणि शेजाऱ्याला सांगितलं, "माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त खडू आहे."

चुकांबद्दल एवढंच सांगते की त्या आळसाच्या नसतात. एका पत्रात आहे, 'मी खूप अभ्यास करला'. 'करला' हे त्याला कुणी शिकवलं? घरी कुणी असं बोलत नाही, मी तर नाहीच. बसला, पडला, हसला, मग करला का नाही? नियम त्याचा त्याने शोधलाय, भाषाच मध्येच वाकडी गेली. जीन बर्को या अमेरिकन भाषा-अभ्यासक बाईंनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका कपोलकल्पित प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनवलेलं नाव दिलं आणि असे दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारलं. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी नियमाप्रमाणे बरोबर केलं. मुलं नुसती ऐकून बोलत नाहीत, आतल्या आत गणित मांडून बोलतात. पण नमुना-पत्रात 'करला' चालत नाही.

आणखी एका पत्रात 'आमच्या घरात ३ माणसं आहेत' असं आहे. मी विचारलं तर त्याने दोन्ही हातांची बोटं वापरून सहा मोजून दाखवली. आपला ६ उलटा फिरला की ३ होतो, आणि या वयात अक्षरं-आकडे आरशातल्यासारखे उलटे पडणं अगदी नेहमीचं. त्याच्या बाजूने सहा बरोबरच होते. आपल्या दफ्तरी मात्र त्याचं निम्मं घर कमी झालं असतं.

आता ज्या पत्रासाठी मी हा सगळा खटाटोप करतेय, ते. त्यात एकच ओळ आहे : 'तुम्हाला एकोणशंभर नमस्कार.'

आपण मराठीत शिकला असाल, तर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांनी आपल्यालाही छळलं असेल. विशीत राहायचं आणि नाव तिशीचं लावायचं. शिकवताना मी सांगते, एकोण म्हणजे एक उणा. मुलं कुरकुरत का होईना, मानतात. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत गाडी बिनबोभाट जाते. आणि मग नव्व्याण्णव! या मुलीने नियमावर विश्वास ठेवला आणि तो शेवटच्या स्टेशनापर्यंत नेला. एकोणशंभर. मी तिला म्हटलं, अगं, नव्व्याण्णव म्हणतात. तिने विचारलं, "का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गाने तो शब्द उचलला. आता आमच्याकडे नव्व्याण्णव फक्त परीक्षेत असतात, एरवी एकोणशंभर.

हे पत्र वरच्यांच्या हाती आलं तेव्हा सूचना झाली की शंभर करा, शंभर बरे दिसतात. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, शंभर नाही चालणार, एक नमस्कार मी मावशींसाठी ठेवलाय. मावशी म्हणजे आमच्या शाळेत घंटा देतात त्या. फळ्यावरून उतरवलेल्या पत्रात शेवटी 'सादर नमस्कार' एवढंच राहिलं. किती, ते नाही.

एका पत्राला चिकटपट्टीने दात लावलेला आहे. दचकू नका, दुधाचा आहे. दुधाचे दात वीस असतात, ते साधारण सहाव्या वर्षी पडायला लागतात. तेव्हा दुसरीच्या वर्गात आज ना उद्या कुणाचा तरी पडणारच, आणि पडला की तो तास गेला. हा दात पडला तेव्हा आधी हरवला. ३३ जण बाकांखाली. सापडला, तर दावेदार दोघी, कारण दोघींच्याही पुढे खिंडार. मी न्यायनिवाड्याला बसणार इतक्यात एकीने दात पाण्याने धुतला आणि सगळ्यांसमोर खिंडारात बसवून दाखवला. बसला नाही. दुसरीने बसवला. तिलाही बसला नाही. शेवटी पहिल्या बाकावरचा एक जण, जो इतका वेळ मान खाली घालून चित्र रंगवत होता, तो म्हणाला, "माझा आहे तो. पण मला नकोय." त्यानेच तो आपल्याला भेट दिला आहे. पत्रात लिहिलंय, 'तुमचा पडला तर लावा'.

मागणं लहान आहे. एका ओळीचं परिपत्रक काढा : पहिली-दुसरीच्या मुलांनी लिहिलेलं काहीही वर पाठवताना सुधारू नये. आम्ही चुका तपासायच्या नाहीत, असं मी म्हणत नाही. त्या वर्गात तपासतोच, हसतो, परत लिहून घेतो, ते माझं रोजचं काम आहे. पण आपल्याला दाखवायच्या वेळी मुलं एकदम निर्दोष होतात, आणि तेवढ्यापुरती ती वर्गातून नाहीशीच होतात. शिवाय मुलांना हे कळतं. त्या दिवशी फळ्यावरून उतरवताना एकाने विचारलं होतं, "बाई, मग कालची पत्रं कोणासाठी होती?"

आणि जमलं तर उत्तर पाठवा, आपल्या हाताने लिहिलेलं. टंकलेखन केलेलं नको, नाहीतर सही रेघेवर आली की नाही ते आम्हाला कळणार नाही. खाडाखोड चालेल.

एकोणशंभरवाली रोज सकाळी दप्तर ठेवायच्या आधी विचारते, "उत्तर आलं?" मी तिला सांगितलंय, मोजताहेत.

आपली,
दुसरीची एक वर्गशिक्षिका

सोबत : पत्रं ३४ (झेरॉक्स), दात १ (मूळ प्रत).