आई, मशीनला मोटर लावतेय

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आधी जे सांगायचं ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र शांतपणे वाचाल. आईच्या सिंगर शिवणमशीनला मोटर बसवायची ठरवली आहे. माणूस गुरुवारी सकाळी येईल, पैसे दिलेत, आता नाही म्हणायचं नाही. न विचारता ठरवलं हे चुकलंच. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "दिवाळीनंतर बघू," आणि गुडघा काही दिवाळीसाठी थांबत नाही. डॉक्टर दोनदा सांगून झाले. पायटा मारणं बंद म्हणजे बंद.

मशीन विकायची नाही, आई. दादा काय बोलला ते विसर. ती होती तिथेच, खिडकीखाली राहील. पायटा, मोठं चाक, लाकडी फळी, काहीही निघणार नाही. फक्त चामड्याचा पट्टा काढून तिथेच खिळ्याला अडकवायचा. मोटरला हात लावायचा नसेल त्या दिवशी पट्टा पुन्हा चढवता येतो.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, हा सिंगर होता तरी कोण? गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना या मशीनला अपवाद मानलं होतं, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगायचात. बायको हाताने शिवून दमते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी मशीन केली, असं ते म्हणाले होते. तुमचं मन दुखवायचं नाही, पण प्रत्यक्षात तसं घडलं नाही.

आयझॅक सिंगर १८११ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास घरातून बाहेर पडला. कधी यंत्रकामाचा कारागीर, कधी फिरत्या नाटक कंपनीतला नट. शिवणयंत्राच्या आधी त्याने खडक फोडायचं आणि लाकडी टाइप कोरायचं अशी दोन यंत्रं काढली होती. १८५० साली बॉस्टनमध्ये ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात त्याने शिवणयंत्रं पहिल्यांदा नीट पाहिली. ती दुरुस्तीलाच आलेली होती. त्यांचं शटल, म्हणजे खालचा दोरा नेणारा भाग, गोल गोल फिरायचं, प्रत्येक फेरीत दोऱ्याचा पीळ सुटायचा आणि दोरा तुटायचा. सिंगरने शटल सरळ रेषेत पुढे-मागे नेलं, वाकडी आडवी सुई काढून सरळ सुई वर-खाली चालवली, कापड आडव्या फळीवर ठेवलं आणि वरून स्प्रिंगच्या फूटने दाबलं. आई, तुझ्या मशीनवर आजही हेच चालतं. सरळ सुई, सपाट फळी, दाबणारं फूट.

टोकाला भोक असलेली सुई मात्र त्याची नव्हे. तिचं पेटंट १८४६ पासून इलियास हाउकडे होतं, आणि त्यावरून कोर्टात सिंगर हरला. त्याला हाउला १५,००० डॉलर द्यावे लागले. पुढे १८५६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र केली, तेव्हा कुठे भांडणं मिटली.

मला सगळ्यात आवडते ती पहिल्या मशीनची रात्र. अकरा दिवस जवळजवळ न झोपता काम केलं, ४० डॉलर उसने. जोडून झाली आणि शिवेचना, नुसते सैल फासे पडायला लागले. कामगार एकेक करून निघून गेले. सिंगर आणि पैसे लावणारा झीबर मध्यरात्री निराश होऊन परत निघाले. वाटेत झीबर त्या फाशांबद्दल काहीतरी बोलला, आणि सिंगरच्या लक्षात आलं की सुईच्या दोऱ्याला ताण द्यायचाच राहिला. तसेच मागे फिरले, ताण लावला, पाच टाके बिनचूक पडले, मग दोरा तुटला. पण पाच पुरेसे होते. १२ ऑगस्ट १८५१ ला पेटंट मिळालं.

आई, तुझं परवाचं तेच आहे. खालून फासे येतात ते बॉबिनमुळे नाही, वरच्या ताणामुळे. दोरा ओवताना फूट खाली असलं की ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यात शिरतच नाही. फूट वर उचलून ओव, मग खाली सोड, मग दोरा ओढून बघ, हाताला अडकल्यासारखा लागला पाहिजे. एवढं करूनही फासे आले तरच वरच्या ताणाचा स्क्रू पाव फेरी आवळ. बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला हात लावू नकोस.

आता पायट्याचं. हाउच्या मशीनचं चाक हाताने फिरवावं लागायचं, म्हणजे एक हात त्यातच अडकला. सिंगरने पायटा लावला आणि दोन्ही हात कापडाला मोकळे केले. ज्या खोक्यातून मशीन गिऱ्हाइकाकडे जायची त्याचंच टेबल व्हायचं आणि पायटा त्यालाच. त्या काळच्या मोजणीत पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटं लागायची, मशीनवर १ तास १६ मिनिटं. हातांचं ओझं पायांवर गेलं होतं, तुझ्या पायांचं आता मोटरवर जातंय, एवढंच.

धंद्याची अक्कल त्याच्या भागीदाराची, एडवर्ड क्लार्क या वकिलाची. मशीनची किंमत १०० डॉलरच्या वर, साध्या घराला न परवडणारी. १८५६ पासून क्लार्कने थोडे पैसे आधी आणि बाकीचे दरमहा, अशी विक्री सुरू केली. बाबा, पतपेढीच्या त्या निळ्या पुस्तकाची आठवण झाली ना? सिंगर घरच्या बाबतीत मात्र चांगला माणूस नव्हता. एकाच वेळी दोन-तीन संसार होते त्याचे, आणि ते उघडकीला आल्यावर त्याला अमेरिका सोडावी लागली. १८७५ मध्ये तो इंग्लंडमध्ये पेंटन इथे वारला. गांधीजींचं म्हणणं मला तरीही खोटं वाटत नाही. बायकांचे कष्ट या मशीनने खरंच कमी केले, करणाऱ्याच्या मनात काही का असेना.

आपल्या मशीनवरचा आकडा वाय अक्षराने सुरू होतो, म्हणजे ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, १९२१ ते १९३५ मधली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. आजीला हे ऐकून किती बरं वाटलं असतं!

आता गुरुवारचं नीट वाचा. फोटोत बघितलं, मशीनच्या खांबाला मागून मोटरसाठी उंचवटा आणि स्क्रूचं भोक आहे. माणूस नवीन भोक पाडायला लागला तर त्याला थांबवा. चाक वरून आपल्याकडे फिरलं पाहिजे, उलटं फिरलं तर खाली दोऱ्याचा गुंता होतो. पट्टा बोटाने दाबला तर थोडा दबावा. फार ताणला की मोटर तापते. प्लग तीन पिनांचाच, अर्थिंग असलेल्या बोर्डात. बाबा, तो बोर्ड तुम्ही उघडायचा नाही.

पेडलवर टाच जमिनीला टेकलेली ठेव, आई, नुसता चवडा दाब. पहिले दोन दिवस जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांवर सरळ शिलाई घाल. काम झालं की प्लग काढायचा, मग सुई बदलायची. खोबरेल घालू नका, ते चिकटतं आणि थंडीत थिजतं. कपाटात मशीनचं तेल ठेवलंय, प्रत्येक भोकात एकच थेंब, आणि मोटरच्या पट्ट्याला अजिबात नाही.

खुर्चीवर ती जाड उशी घेऊन बस. मोटर आहे म्हणून तासन् तास बसायचं नाही, अर्ध्या तासाने उठायचं. बाबा, लक्ष ठेवा, आणि तुमच्या गोळ्याही वेळेवर घ्या. माझ्या त्या हिरव्या परकराच्या वेळी रात्री झोपेत मशीनचा खडखडाट ऐकू यायचा, तो आवाज आता थोडा वेगळा येईल. चिडू नकोस गं माझ्यावर.

शनिवारी फोन करते. तोवर निदान एक उशीचा अभ्रा शिवून ठेव.

तुमची
बेबी