महामार्गालगतच्या ले-आऊटना मंजुरी देण्याआधी त्यांची वाहने मोजा : जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव

विषय : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 लगत होऊ घातलेल्या निवासी वसाहती आणि त्यांच्या वाहतुकीचे नियोजन

महोदय,

पाळधी ते एरंडोल या पट्ट्यात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, काल-परवापर्यंत कापूस उभा असलेल्या शेतांत, आता प्लॉटच्या हद्दीचे दगड आणि रंगीत झेंडे दिसू लागले आहेत. रस्ता चौपदरी झाला की त्याच्या कडेच्या जमिनीला भाव येणार, हे ओघाने आलेच. आमच्या शिवारातही एका मोठ्या निवासी वसाहतीचा प्रस्ताव आहे आणि तिला लागून असलेल्या दोन गटांत प्लॉट पाडण्याची तयारी चालू आहे. या वसाहतींना आमचा विरोध नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. मुलांच्या शिक्षणासाठी जळगावच्या जवळ येऊ पाहणाऱ्या कुटुंबाला शहरात घर परवडत नाही, आणि कोरडवाहू शेतीवर संसार ओढणाऱ्या शेतकऱ्याने चांगला भाव मिळाल्यावर जमीन विकली तर त्याला नावे ठेवण्याचे कोणालाच कारण नाही. आमचे मागणे एवढेच आहे की या घरांतून महामार्गावर येणारी वाहने मंजुरीच्या आधी मोजली जावीत, शेजारशेजारच्या सगळ्या ले-आऊटची, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनींची, मिळून मोजली जावीत, आणि त्यांच्यासाठी लागणारा समांतर रस्ता घरे उभी राहण्याच्या आधी तयार व्हावा.

हे पत्र केंद्रीय मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्यामागे विचार आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीबाहेरील ले-आऊटचे प्रकरण नगररचना विभागाच्या अभिप्रायासह आपल्या कार्यालयात येते, आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्षपदही आपल्याकडेच असते. महामार्ग प्राधिकरण रस्ता पाहते, नगररचना विभाग प्लॉट, अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा पाहतो, पोलीस अपघात झाल्यानंतर पंचनामा करतात आणि ग्रामपंचायतीकडे पुढे दिवाबत्ती व कचरा येतो. या सगळ्यांचे कागद एकत्र येतील असे जिल्ह्यात एकच टेबल आहे आणि ते आपले आहे.

सध्याच्या व्यवस्थेत ही वाहने मोजण्याची वेळच येत नाही, ही खरी अडचण आहे. 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि त्या निमित्ताने वाहतुकीचा अभ्यासही सादर होतो. मात्र खान्देशात वसाहती अशा एकगठ्ठा पद्धतीने क्वचितच उभ्या राहतात. इथे विकसक प्लॉट पाडतो, मुरूम टाकून रस्ते दाखवतो, विजेचे खांब उभे करतो आणि प्लॉट विकून मोकळा होतो. घर ज्याचे त्याने, पैसे जमतील तसे, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बांधायचे असते. त्यामुळे कागदोपत्री बांधकाम जवळजवळ नसतेच आणि बहुतेक ले-आऊट त्या चाळणीतून सहज सुटतात. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालची नोंदणी 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला लागते खरी, पण तो कायदा ग्राहकाच्या हिताचा आहे. ग्राहक घराबाहेर पडून महामार्ग कसा ओलांडणार, हा त्याचा विषय नाही. शिवाय प्रत्येक प्रस्ताव सुटा येतो. एका गटातले प्लॉट पाहून कोणीही म्हणेल की एवढ्याने महामार्गाला काय फरक पडतो, आणि त्या एका गटापुरते ते बरोबरही असते. पण अशा सात-आठ सुट्या होकारांची मिळून जी वस्ती होते, ती एखाद्या मोठ्या गावाएवढी असते.

हिशेब साधा आहे. समजा, एकमेकांना लागून असलेल्या ले-आऊटमध्ये मिळून चारशे घरे झाली आणि सकाळच्या दोन तासांत प्रत्येक घरातून फक्त एक वाहन बाहेर पडले. तासाला दोनशे वाहने, म्हणजे दर अठरा सेकंदांना एक वाहन महामार्गावर येणार. यातली बहुतेक दुचाकी असणार आणि ज्यांना पलीकडच्या दिशेला जायचे आहे त्यांना आधी जवळची मार्गिका ओलांडून दुभाजकाच्या कटपर्यंत पोचावे लागणार. चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी 100 आणि मालवाहू वाहनांना ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. ताशी 80 च्या वेगाने येणारा ट्रक सेकंदाला 22 मीटर पुढे सरकतो, आणि रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांनुसार त्या वेगाला थांबण्यासाठी 120 मीटर, तर ताशी 100 च्या वेगाला 180 मीटर अंतर मोकळे दिसावे लागते. मागे बायको, पुढे टाकीवर मूल आणि हँडलला डबा लावलेला माणूस कडेला थांबून हे अंतर नजरेने मापतो, तेव्हा ट्रकच्या आड कोणती मोटार दडली आहे हे त्याला दिसत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट याहून अवघड आहे. दुभाजकाची रुंदी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या एकत्रित लांबीपेक्षा कमी असते. त्यामुळे कपाशीने भरलेली ट्रॉली घेऊन कटमध्ये थांबलेल्या ट्रॅक्टरचे तोंड दुभाजकात आणि ट्रॉलीचा मागचा भाग वेगाच्या लेनमध्ये उघडा राहतो. रात्री त्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, कधी परावर्तक पट्टीही नसते. आज असे ट्रॅक्टर शेतकऱ्यांचे आहेत आणि हंगामापुरते आहेत. उद्या त्याच कटवर विटा, खडी आणि पाण्याचे टँकर बारमाही येणार आहेत. कट दूर असला तर लोक सरळ उलट्या दिशेने वाहन घालतात. अर्धा किलोमीटर वळसा वाचवण्याचा मोह शिक्षित माणसालाही आवरत नाही, हे आपण रोज पाहतो. दंड जरूर करावा, पण रस्त्याची रचनाच उलट जाण्याचे आमिष दाखवत असेल तर दंडाच्या पावत्यांनी ती बदलत नाही.

देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली, त्यांपैकी 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचे गांभीर्य कळते. यावर शासनाचा ठरलेला उपाय म्हणजे ब्लॅक स्पॉट शोधून त्यांची दुरुस्ती करणे. मात्र सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत, किंवा दहा माणसे दगावावीत, तेव्हा ती जागा ब्लॅक स्पॉटच्या व्याख्येत बसते. जिथे अजून वस्तीच नाही, तिथली जागा या व्याख्येत येण्यासाठी आधी वस्ती व्हावी लागेल आणि नंतर माणसे जावी लागतील. नव्या वसाहतींसाठी ही व्याख्या निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत ब्लॅक स्पॉटच्या यादीबरोबरच मंजुरीच्या वाटेवर असलेल्या ले-आऊटची यादीही ठेवली जावी.

कायद्यात आधार आहे. राष्ट्रीय महामार्गांची जमीन व वाहतूक यांच्या नियंत्रणाचा 2002 चा कायदा असे सांगतो की महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय कोणालाही महामार्गावर प्रवेशमार्ग काढता येत नाही. खासगी मालमत्तांच्या प्रवेशमार्गांविषयी केंद्रीय मंत्रालयाने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. प्रत्यक्षात घडते ते असे : मंजुरीच्या नकाशात वसाहतीचा प्रवेश मागच्या शिवरस्त्याने दाखवलेला असतो, तो शिवरस्ता पावसाळ्यात बैलगाडीलाही दाद देत नाही, आणि जाहिरातीत मात्र ‘हायवे टच प्लॉट’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पहिली दोन-चार घरे झाली की महामार्गाच्या कडेची नाली कोणीतरी मुरमाने बुजवतो, वर सिमेंटचा पाइप टाकतो आणि प्रवेश तयार होतो. नाली तुंबल्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यावर येते, हा त्यातला वेगळाच ताप. असा प्रवेश एकदा रुळला की तो बंद करणे कोणाच्याही हातात राहत नाही, कारण तोवर तिथे नांदती कुटुंबे आलेली असतात आणि त्यांचे म्हणणेही खोटे नसते. म्हणून ले-आऊटच्या मंजुरीसोबत महामार्ग प्रशासनाची प्रवेशाची लेखी परवानगी जोडलेली असावी, आणि ती नसेल तर नकाशातला पर्यायी रस्ता बारमाही वापराचा असल्याची जागेवर जाऊन खातरजमा व्हावी.

समांतर रस्त्याबद्दल जळगावकरांना वेगळे सांगायला नको. आजच्या 53 क्रमांकाच्या ज्या महामार्गाला जुनी माणसे अजूनही सहा नंबरचा हायवे म्हणतात, तो रस्ता वस्तीच्या मधोमध सापडला तो असाच, एकेक कॉलनी करत. खोटेनगरपासून कालिंका माता चौकापर्यंत दोन्ही बाजूंना शहर वाढले, शाळेला जाणारी मुले आणि कोलकात्याकडे निघालेले ट्रेलर एकाच डांबरावर आले, आणि समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. पुढे काही चौकांत भुयारी मार्ग झाले, तेही वाहत्या रहदारीत, लोकांचे हाल करत आणि जागा मिळेल तिथे बसवत. धुळ्यात देवपूरची वस्ती नगावबारीच्या दिशेने पसरत गेली तेव्हाचा अनुभव काही वेगळा नाही. आता जळगाव शहराबाहेरून पाळधी ते तरसोद असा बाह्यवळण रस्ता काढण्याची वेळ आली ती यामुळेच. त्या बाह्यवळणाच्या कडेलाही समांतर रस्त्याविना प्लॉट पडू दिले, तर वीस वर्षांनी त्याच्याही बाहेरून दुसरे वळण शोधावे लागेल, आणि तोवर जमिनीचे भाव असे झालेले असतील की भूसंपादनाचा खर्चच रस्त्याच्या खर्चाहून मोठा होईल.

वाहनांची मोजणी करताना एक काळजी घ्यावी, अशी विनंती आहे. भारतीय रस्ते काँग्रेसने शहराबाहेरील रस्त्यांवरील वाहतूक गणनेसाठी जी पद्धत सांगितली आहे, तिच्यात वर्षातून दोनदा, एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या हंगामात आणि एकदा मंदीच्या काळात, सलग सात दिवस चोवीस तास मोजणी अपेक्षित आहे. आपल्याकडे हा हंगाम म्हणजे दिवाळीनंतरचा, जेव्हा कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात रांगा लावतात. जुलैतल्या एका मंगळवारी चार तास मोजून काढलेला आकडा त्या दिवसापुरता खरा असेल, पण त्यावरून कटची जागा ठरवू नये. लग्नसराईतली तिथीही पाहावी. महामार्गालगतच्या मंगल कार्यालयासमोर त्या संध्याकाळी डावी लेन अक्षरशः वाहनतळ झालेली असते.

बांधकामाच्या काळाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि इथली काळी माती पाहता ते द्यायलाच हवे. पावसात प्लॉटमधून निघालेल्या डंपरच्या चाकांना मातीचा जाड थर चिकटतो आणि तो पुढच्या दोन-तीनशे मीटर डांबरावर पसरत जातो. वरून भुरभुर पाऊस असला की त्या पट्ट्यावर दुचाकी ब्रेक लावताच आडवी होते. दाराशी खडीचा पक्का पट्टा आणि चाके धुण्याची सोय ठेवण्याची अट विकसकाला घालता येईल. त्याला फार खर्च नाही. डंपर शाळेच्या वेळात महामार्गावर आणू नयेत, हीही अट असावी.

समांतर रस्त्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न निघणारच. महामार्गाच्या जवळिकीमुळे प्लॉटला जो वाढीव भाव मिळतो त्याचा लाभ विकसक घेतो, तेव्हा त्याच्या जमिनीसमोरील भागाचा भार त्याने उचलावा, हे न्यायाला धरून आहे. पण प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा बांधून चालणार नाही. दोन ले-आऊटच्या मध्ये एक शेत राहिले की रस्ता तिथे तुटतो आणि वाहने पुन्हा महामार्गावर चढतात. म्हणून पूर्ण टप्प्याची आखणी आधी व्हावी, विकसकांचा वाटा आपल्या कार्यालयामार्फत जमा व्हावा आणि काम एकाच यंत्रणेने सलग करावे. तोवर प्लॉटची विक्री टप्प्याटप्प्याने खुली करण्याची अट घालावी. भुयारी मार्ग करायचा झाल्यास पाण्याचा निचरा कुठे होणार हे आधी ठरवावे, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने तो डोहच होतो. एसटीच्या थांब्यासाठी मुख्य मार्गिकेच्या बाहेर जागा ठेवावी. दिव्यांचे वीजबिल कोण भरणार, हेही मंजुरीच्या कागदावरच यावे.

वसाहतीत लोक राहायला आल्यावर गतिरोधक टाका म्हणून अर्ज येतील, रास्ता रोको होईल. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकायचे नाहीत असे धोरण असल्याने अधिकारी नकार देतील, आणि मग एखाद्या अपघाताच्या रात्री संतापलेले लोक स्वतःच रस्त्यावर दगड रचतील. हे चित्र या जिल्ह्याला नवे नाही.

तरी पाळधी ते एरंडोल या टप्प्यातील मंजूर, प्रलंबित आणि प्रस्तावित अशा सर्व ले-आऊटचा एकत्रित नकाशा तयार करून तो तहसील कार्यालयांत व ग्रामपंचायतींत लावण्यात यावा; महामार्ग प्राधिकरण, नगररचना, पोलीस व परिवहन विभाग, एसटी महामंडळ आणि संबंधित ग्रामपंचायती यांची संयुक्त स्थळपाहणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ठेवण्यात यावी; आणि आमच्या शिवारातील प्रस्तावावर अंतिम निर्णय होण्यापूर्वी ग्रामस्थांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी तारीख देण्यात यावी, ही विनंती. पाहणीच्या दिवशी पाण्याच्या नाल्या, शिवरस्ते आणि ट्रॅक्टर ओलांडण्याच्या जागा दाखवण्यासाठी गावातील माहीतगार मंडळी हजर राहतील.

कळावे,

आपला विश्वासू,
महामार्गालगतच्या गावातील एक रहिवासी