बाबा, पेन्शन बंद होत नाहीये

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

पुणे, रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा रात्री साडेदहाला सोलापूरचा नंबर दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला. उचलते तर बाबा म्हणतायत, "पेन्शन बंद होणार म्हणं, मेसेज आलाय. बघ की जरा." जीव भांड्यात पडला, आणि मग चिडलेही. त्याबद्दल माफ करा. मी ओरडून सांगत होते, तुम्हाला निम्मं ऐकू येत नव्हतं (तोफखान्यानं यांचा उजवा कान ठेवून घेतला, असं आई म्हणते ते खरंच आहे), आणि शेवटी "लिहून पाठव, फाइलीला लावतो" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. फाइलीला लावा, पण त्याआधी आईला मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटचा भाग तिच्यासाठी आहे.

तुम्ही पुढे पाठवलेला तो मेसेज मी नीट बघितला. वर तीन सिंहांचा शिक्का, खाली लाल अक्षरं, 'तात्काळ', आणि मग दाबायला एक लिंक. पत्राचा क्रमांक नाही, तारीख नाही, सही कोणाच्या हुद्द्याची ते नाही. बाबा, चोवीस वर्षं तुम्ही ऑर्डरवर जगलात. बिननंबराच्या, बिनसहीच्या चिठ्ठीवर तुम्ही कधी तोफ हलवली असती का? मग या चिठ्ठीवर झोप का घालवलीत? कोणी काढलं, कोणासाठी काढलं, कधीपासून लागू, हे तीन प्रश्न तुम्हीच मला शाळेत असताना शिकवलेत. मी काही नवं सांगत नाहीये, तुमचंच तुम्हाला परत करतेय.

'कोणी काढलं' यातच निम्मा घोळ होतो, म्हणून ते जरा सांगते. संरक्षण मंत्रालय म्हणजे एकच ऑफिस नव्हे, त्याच्या पोटात पाच विभाग आहेत. तुमचा संबंध मुख्यतः माजी सैनिक कल्याण विभागाशी, जो २००४ साली वेगळा झाला. पेन्शनचा निर्णय तिथे होतो. तो झाला की पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, बातमी देतं. नंतर विभागाचं सविस्तर पत्र निघतं. त्यानंतर प्रयागराजचं संरक्षण लेखा विभागाचं पेन्शन ऑफिस, म्हणजे पीसीडीए पेन्शन, त्यावर सर्क्युलर काढतं, ज्यात हुद्दा आणि नोकरीची वर्षं यांचे तक्ते असतात. निर्णय एक, कागद तीन, आणि मध्ये काही आठवडे. सकाळी मैदानावर जमणारी तुमची मंडळी तिन्ही वेळा पेढे वाटतात, कारण त्यांना वाटतं तीनदा वाढ झाली!

वन रँक वन पेन्शनचं (ओआरओपी) नेमकं हेच झालं. आदेश ७ नोव्हेंबर २०१५ चा, लागू १ जुलै २०१४ पासून, आणि तक्त्यांचं सर्क्युलर, तुमचं ते आवडतं '५५५', आलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. योजनेचा अर्थ साधा आहे: हुद्दा तोच आणि नोकरीची वर्षं तेवढीच असतील, तर माणूस कधी का रिटायर झालेला असेना, पेन्शन सारखी. त्यासाठी २०१३ साली रिटायर झालेल्यांची सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पेन्शन घेतली आणि त्यांची सरासरी काढली. ज्यांना सरासरीपेक्षा जास्त मिळत होती त्यांची कमी केली नाही. हा हिशेब दर पाच वर्षांनी नव्याने होतो. दुसरा १ जुलै २०१९ पासूनचा, पण मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि सर्क्युलर '६६६' जानेवारी २०२३ मध्ये. तिसरा १ जुलै २०२४ पासून. म्हणजे पुढचा २०२९ मध्ये. तेव्हा "या दिवाळीला ओआरओपी-४" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आठव्या वेतन आयोगाचंही तसंच. मागच्याच आठवड्यात, २८ ऑक्टोबरला, मंत्रिमंडळानं आयोगानं काय काय बघायचं ते ठरवून दिलं. शिफारशींसाठी अठरा महिने दिलेत. आयोगाचं काम ठरलंय, वाढ झालेली नाही. इतकंच.

आता ज्या कागदाला खरोखर तारीख आहे त्याबद्दल. हयातीचा दाखला. तुमच्यासारखे जे बँकेतून 'स्पर्श'वर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, आले त्यांच्यासाठी महिना नोव्हेंबरचा, म्हणजे हाच. दाखला नाही पोचला तर पेन्शन थांबते हे खरं, पण बुडत नाही. उशिरा दिलात तरी थकलेल्या महिन्यांसकट सुरू होते. त्या मेसेजनं या अर्ध्या सत्याचं भूत केलं, बाकी काही नाही.

गेल्या वर्षीचं आठवतंय ना? तुम्ही वेळेत बोटं टेकवून आलात, पावती आणलीत, दाखल्याचा प्रमाण क्रमांकही मिळाला, आणि तरी फेब्रुवारीत खातं कोरडं. नंतर कळलं की तिथल्या मुलानं पेन्शन देणारी संस्था म्हणून तुमची जुनी बँक निवडली होती. दाखला बरोबर होता, पण गेला भलत्याच दारात. पैसे आता बँक देत नाही, प्रयागराज देतं. बँकेत फक्त येऊन पडतात. म्हणून या वेळी त्या मुलाला खुर्चीवर बसल्या बसल्या सांगायचं: "संरक्षण, आणि देणारी संस्था स्पर्श, पीसीडीए पेन्शन." हे एका चिठ्ठीवर लिहून आधार कार्डाच्या कव्हरात ठेवलंत तर उत्तम. आणि नुसता क्रमांक मिळाला म्हणजे दाखला स्वीकारला असं नव्हे. दोन-चार दिवसांनी स्वीकारला की नाकारला ते बघायचं, ते मी इथून बघीन.

खरं तर जायचीही गरज नाही. तुमच्या बोटांचे ठसे आता यंत्राला लागत नाहीत (आयुष्यभर ग्रीस आणि दारूगोळा, कुठून लागणार!), पण २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. फोनसमोर बसायचं, पापण्या मिटायच्या-उघडायच्या. मी आले की करू. टपाल खात्याचा पोस्टमनही घरी येऊन करून देतो, त्याचे थोडे पैसे पडतात.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. "मी पेन्शन ऑफिसातून बोलतोय, तुमचा दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्यायचा. हिंदीत बोलला, 'सर' म्हणाला, तुमचं युनिट अचूक सांगितलं तरी ठेवायचा. युनिटचं नाव ऐकलं की तुम्ही विरघळता, मला माहितीय. चुकून सांगितलाच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर तितके पैसे अडवता येतात.

दुसरा मेसेज तुम्ही एप्रिलपासून जपून ठेवलाय, रोज एक रुपया सैन्यासाठी, मंत्रिमंडळानं खातं उघडलंय म्हणून. त्यावर मंत्रालयानं तेव्हाच खुलासा केला होता की हा मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि त्यातला खात्याचा तपशीलही चुकीचा आहे. खरा निधी आहे, लढाईत गेलेल्या आणि जायबंदी झालेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी. पण तो शस्त्रं घ्यायला नाही. तुम्हाला द्यायचेच असतील तर ७ डिसेंबरला ध्वजदिन आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पावती घ्या, आणि तिथे दोस्तांबरोबर तासभर गप्पाही होतील. १९४९ पासून चालत आलेली रीत आहे, तिला लिंक लागत नाही.

मे महिन्याचं आठवून मात्र मला अजून हसू येतं. सरावाच्या सायरनची बातमी आली आणि आईनं पाच किलो ज्वारी दळून आणली, आणि बाबांनी खिडक्यांना चादरी लावल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! ती सूचना संरक्षण खात्याची नव्हतीच, गृह मंत्रालयाची होती, नागरी संरक्षणाच्या २४४ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातून मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक अशी नावं होती, आपलं नव्हतं. 'कोणासाठी' ही ओळ वाचली असती तर चादरी कपाटातच राहिल्या असत्या. पण खरं सांगू? त्या रात्री तुम्ही दोघं एकमेकांना धरून होतात, हे ऐकून मला इकडे धीर आला होता.

राहुरीच्या मावशीनं फोटो काढून पाठवलेल्या नोटिशीचं उत्तर अजून द्यायचंय. ती रडकुंडीला आलीय, "लष्कर रान घेणार." आई, तिला सांग, ती नोटीस रान घेण्याची नाही. के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सराव मैदानावर, गोळाबार असतो, त्याआधी १९३८ च्या एका कायद्याखाली असं जाहीर करावं लागतं. कुठल्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत, कुठल्या गावांच्या हद्दीत. तेवढ्या वेळात माणसं आणि जनावरं बाहेर ठेवायची. पिकाचं, विहिरीचं नुकसान झालं तर महसूल खात्याचा माणूस पाहणी करून भरपाई ठरवतो, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून तलाठ्याला कळवायचं. जमीन कायमची घ्यायची तर कायदा वेगळा, नोटीस वेगळी, आणि त्यावर हरकत घ्यायला वेळ मिळतो. आणि रानात पितळेचं काही चकाकताना दिसलं तर उचलायचं नाही, पोरांनी ते भंगारात विकायला तर अजिबात न्यायचं नाही. लांब उभं राहून पोलिसांना कळवायचं. बाबा, हे तुम्हीच तिला समजावा. तुम्ही आयुष्यभर तोफेच्या मागे उभे राहिलात, ती पुढे राहते. तुमचं ती ऐकेल.

आता आई, तुझं.

परवा बाबांशी बोलून झाल्यावर मी त्यांच्या स्पर्शच्या पानावर गेले, मेसेज खोटा आहे हे दाखवायला. तिथे कुटुंबाच्या रकान्यात तुझं नाव बघितलं आणि थांबलेच. तुझं माहेरचं नाव आहे तिथे. आधारवर सासरचं, बँकेत त्याच्यापुढे 'बाई' लावलेलं, आणि जन्मतारीख तर तिन्हीकडे तीन. बाबा, ही कोणा कारकुनाची चूक नाही. लग्नानंतर सुट्टी संपवून परत गेलात तेव्हा फॉर्मवर तुम्हीच लिहिलंत, आणि नाव बदललंय हे लिहायचं विसरलात. आईच्या शब्दांत, "नवीन नवरीचं नाव घ्यायला लाजले असतील."

यावर कुठलाही मेसेज येत नाही, कोणी लाल अक्षरांत 'तात्काळ' लिहीत नाही. पण माझ्या मते घरातला सगळ्यात निकडीचा कागद हाच आहे. उद्या वेळ आली (लिहिताना हात जड होतो, पण तुम्हीच म्हणता, तयारीला अपशकुन नसतो) तर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं, पगाराच्या तीस टक्के, म्हणजे बाबांच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्के. वयाची ऐंशी झाली की त्यात वीस टक्क्यांची भर पडते. हक्क तिचा पक्का आहे. पण आपण तीच बाई आहोत हे सिद्ध करायला तिला एकटीनं, त्या दिवसांत, चकरा माराव्या लागतील. आपल्याच गल्लीतल्या काकूंनी मारल्या तशा. त्या वेळी तिच्या हातात हातपंप मारायचंही बळ नसेल, कागद कुठून गोळा करेल?

तुम्ही आहात तोवर हे काम फार सोपं आहे, कारण अर्ज तुमच्या सहीनं जातो. प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा पुरावा, दोघांचा एकत्र फोटो, आणि अर्ज नाशिकरोड कॅम्पच्या तोफखाना रेकॉर्डला. सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर कागद आधीच तपासून मिळतात. तिकडे नाव दुरुस्त झालं की दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, निघतो, आणि तो आपण नीट वाचायचा. तुम्ही नाही, आई तू वाचायचा. अक्षर न् अक्षर.

मी पुढच्या शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येते. आल्यावर शनिवारी सकाळी आधी दाखला, मग आईचे कागद. तोवर बाबा, लोखंडी पेटीतून डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ आणि लग्नाचा तो फोटो काढून ठेवा, ज्यात तुमची मिशी आईच्या मुंडावळ्यांपेक्षा मोठी दिसते. एकत्र फोटो नव्यानं काढावा लागेल, तेव्हा आई, ती निळी इरकल इस्त्री करून ठेव. आणि नळाला पाणी शनिवारी येणार की रविवारी ते कळव, त्याप्रमाणे आपण निघायची वेळ धरू.

शेंगाचटणी या वेळी जरा कमी तिखट कर. जावई बोलत नाहीत, पण रडतात.

तुमची,
धाकटी