शाहूपुरीच्या घरी येण्याआधी

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जूनमध्ये तुम्ही शाहूपुरीच्या घरी राहायला येताय, त्याआधी हे नीट वाचा. परदेशातून आठवणारं कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा आणि गंगावेशीतला दूध कट्टा. इथं परत येऊन राहायचं तर मात्र आधी पाणी ओळखावं लागतं. बाबा, तुमचा हिशेब अजून 1989 च्या पुराचा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी, जिथं नदीची पातळी मोजतात, पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. तो जुना हिशेब आता पुरत नाही.

इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पण 43 झाले की बघू, असं ठरवू नका. घर नदीकाठी नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण आपल्याकडं पाणी येतं ते जयंती नाल्यातून. नदी चढली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलट मागं सरकतं आणि कुंभार गल्ली, सुतारवाडा, दसरा चौकाच्या बाजूला पसरतं. घरात ते पहिल्यांदा दारातून शिरत नाही. मोरीच्या जाळीतून आणि संडासातून वर येतं. उंबऱ्यावर वाळूची पोती रचूनही घरं भरतात ती यामुळं. म्हणून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये बाहेर जाणाऱ्या 4 इंची पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण मागं येऊ न देणारी झडप, बसवून घेतेय. त्याची झडप कचऱ्यानं अडकली की ती मिटत नाही, त्यामुळं दर मे महिन्यात चेंबर उघडून साफ करायचा. आणि झडप मिटलेली असताना आपलंही सांडपाणी बाहेर जात नाही, हे लक्षात ठेवा. तेव्हा मोरीत पाणी ओतायचं नाही.

आई, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले एवढ्या बातमीनं घाबरू नकोस. धरण भरलं की ते 7 दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावतीत आणि तिच्यातून पंचगंगेत येतं. घाटात पाऊस ओसरला असेल तर एक-दोन दरवाज्यांनी शहरात फारसा फरक पडत नाही. गगनबावड्याकडं संततधार आहे, पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी आणि कासारी नद्याही भरून वाहताहेत आणि त्यात दरवाजे उघडले, असं जुळून आलं की पाणी झपाट्यानं चढतं. पातळी किती यापेक्षा ती दर तासाला किती वाढतेय ते बघा.

39 फूट झाले आणि पाणी चढतंच असलं, तर त्याच दिवशी उजेडात मावशीकडं सागरमाळला जायचं. तो भाग उंचावर आहे. पुण्याकडं निघायचा विचार नको; शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं की वाट बंद होते. निघताना मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, कारण रिकामा सिलिंडर तरंगतो. इन्व्हर्टरची बॅटरी मी आधीच माळ्यावर हलवतेय. महिन्याची औषधं, चष्मे आणि घराची कागदपत्रं एका प्लास्टिकच्या डब्यात जूनपासूनच भरून ठेवायची. पिण्याचं पाणीही साठवायचं, कारण उपसा केंद्रं बुडाली की उंचावरच्या घरांचेही नळ बंद पडतात.

पाणी उतरल्यावर घाई एकाच गोष्टीची: गाळ ओला असतानाच पाइपनं पाणी मारून काढायचा. वाळला की तो फरशीला घट्ट धरतो. ते काम माझं, तुम्ही दोघांनी त्यात पाय घालायचा नाही. जमिनीतली टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरनं धुतल्याशिवाय तिचं पाणी वापरायचं नाही, आणि वायरमननं तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही.

तुमची दोघांची खोली मी वरच्या मजल्यावर केली असती, पण आईचे गुडघे बघता रोजचा जिना पुराइतकाच वाईट. म्हणून खोली खालीच ठेवतेय आणि कपाट भिंतीवर छातीच्या उंचीला बसवतेय. बाबा, तुमचा हात सहज पोचेल अशी उंची किती, ते मोजून मला कळवा. सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे.

तुमची,
मनू