अंकाचे बाहेरचे पान

महोदय,

'अमर चित्र कथा' आणि 'टिंकल' या मुलांच्या चित्रकथांच्या अंकांचे संपादक अनंत पै 24 फेब्रुवारी 2011 रोजी गेले. त्यांची आठवण निघाली की माळ्यावरचे जुने मराठी अंक खाली येतात आणि 'पक्के' करायला बाइंडरकडे जातात. घोळ तिथेच होतो.

बत्तीस पानी अंक म्हणजे आठ दुमडलेले ताव, वर कव्हर, मध्ये दोन पिना. पिन गंजली की कागद खाते. आधी कव्हर सुटते, मग सर्वांत बाहेरचा ताव. त्या एकाच तावावर पहिले पानही असते आणि शेवटचेही. गोष्टीचा शेवट जातोच. पटकथा कोणाची, चित्रे कोणाची, हा उल्लेखही बहुधा कव्हराच्या आत किंवा पहिल्या पानावर, म्हणून तोही जातो. 'अमर चित्र कथा'च्या 'कृष्ण' अंकातली चित्रकार राम वाईरकरांची रेषा जाणकार ओळखेल. पटकथा पैंची, हे चित्र पाहून कसे कळणार?

पिना उपसू नयेत. मधले पान उघडून पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करावेत, मग पाठीकडून उचलावी. त्याच भोकांतून सुती दोरा, गाठ आत. फार ताणला तर घडी फाटते. फाटलेल्या घडीला पातळ टिश्यू आणि मैद्याची ताजी खळ. खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची आपल्याकडची सवय इथे नडते, कागद तपकिरी पडतो. सेलोटेप, लॅमिनेशन नकोच. दहा-बारा अंकांना एकत्र आडवी शिलाई मारून कडा कापल्या, तर आतल्या बाजूचे संवादांचे फुगे शिलाईत गडप होतात.

2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या सांगलीत आणखी एक. भिजलेल्या अंकाचे चकचकीत कव्हर वाळताना चिकटते, नंतर सुटत नाही. ओले असतानाच पानांत टिपकागद घाला, पंख्याखाली वाळवा. ऊन नको, छापील रद्दीही नको. तिची शाई उतरते. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

बाहेरचा ताव आधीच गेला असेल, तर दुसऱ्या प्रतीवरून पटकथाकार-चित्रकारांची नावे चिठ्ठीवर उतरवून अंकात ठेवा. पेन्सिलने, बॉलपेनने नको.

— एक बाइंडर, सांगली