भिंतीवरचा स्विच काढू नकोस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मोबाईलवरून दिवे-पंखे चालवायच्या तुझ्या जुळणीचे फोटो पाहिले. वायफायवाला छोटा कंट्रोलर ईएसपी३२, चार रिलेंचा (विजेने चालणाऱ्या स्विचांचा) बोर्ड, निरोपांची देवाणघेवाण करणारा मॉस्किटो ब्रोकर, सगळं झकास. फक्त भिंतीतले स्विच काढायचा बेत तेवढा सोडून दे. वायफाय बसलं की अंधारात चाचपडायचं का?

जिन्यातल्या दिव्यासारखी जोडणी कर. रिलेच्या कॉमनला फेज (न्यूट्रल नव्हे!), तिच्या एनओ-एनसी या दोन टोकांतून दोन वायरी टू-वे स्विचच्या दोन टोकांना आणि स्विचच्या मधल्या टोकातून दिव्याला. मग दोन्हीकडून दिवा लागेल, विझेल आणि ईएसपी बंद पडलं तरी स्विच चालेल. मेख एवढीच की रिले ओढलेली म्हणजे दिवा लागलेला, हा हिशेब राहत नाही. म्हणून दिव्याच्या बाजूला वीज खरंच पोचली का ते सांगणारं ऑप्टोकपलरचं सेन्सिंग मॉड्यूल लाव आणि मोबाईलवर त्याचंच उत्तर दाखव.

आता पंप. रिलेवर १० अँपियर छापलंय म्हणून हुरळू नकोस. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, त्यात रिलेचे काँटॅक्ट चिकटतात. मग मोबाईल ‘बंद’ म्हणतो आणि मोटर आपली चालूच. मोटरला काँटॅक्टर (जड करंटची मोठी रिले) घे, रिलेने फक्त त्याची कॉइल चालव. शिवाय पंपाचा ‘चालू’ हा निरोप ब्रोकरवर रिटेन करून (जपून) ठेवलास, तर वीज गेली-आली की पंप आपोआप धावेल, टाकी भरलेली असली तरी. तुझे हे निरोप ज्यातून जातात ते एमक्यूटीटी १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला घडवलं गेलं. संपर्क तुटणार हे त्यात धरलेलंच आहे. ‘लास्ट विल’ (बोर्डाचा संपर्क तुटला की ब्रोकरने द्यायचा निरोप) त्यासाठीच असतं, ते वापर. बोर्ड गायब झाला की मोबाईलवर तसं दिसू दे.

रिलेसाठी ईएसपीच्या ०, २, ५, १२, १५ या पिना टाळ. ईएसपी सुरू होताना त्या पिनांवरच्या व्होल्टेजच्या पातळ्या बघून कसं बूट व्हायचं ते ठरवतं, आणि तेवढ्यात रिले उगाच टकटकते.

बाहेरून चालवायचं तर राउटरचा पोर्ट उघडू नकोस, वायरगार्ड हा व्हीपीएन (घरापर्यंतचा सुरक्षित बोगदा) टाक. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे-राउटर हजारोंनी पळवले होते.

रिले बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. फेजचे आणि पाच व्होल्टचे पट्टे किती जवळ आहेत ते बघते, तोवर त्याला मेन लाइन जोडू नकोस.

तुझी,
आई